घशाबद्दल लिहायचं नव्हतं

इंदूर,
शनिवार रात्र

प्रिय अनू,

अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास तो रागाने की दारावर कुणी आलं म्हणून, ते कळलं नाही. रागावली असलीस तर चूक माझी. "पुरे झालं, घरी निघून ये" हे मी म्हणायला नको होतं. पण तू एका वाक्यात तीनदा खाकरलीस आणि "आई" म्हणताना आवाज मधेच फाटला, ते ऐकून तोंडातून निघून गेलं. बाबा म्हणाले, पत्र लिही आणि त्यात घशाचं नाव काढू नकोस. नानाकाका उद्या अवंतिका गाडीने निघताहेत, बडोद्याला उतरून सकाळी हे पत्र तुझ्या हॉस्टेलवर देतील. तेव्हा नव्या मुलांना कशी मदत करू असं तू विचारलंस, त्याबद्दलच लिहिते.

तुमच्या गाण्या-नाचाच्या कॉलेजातली पहिल्या वर्षाची अकरा मुलं तुझ्या स्वाधीन केली, 'सोबती' म्हणून तुझं नाव फळ्यावर लागलं, हे मी अख्ख्या गल्लीला सांगून झालं आहे. सुशीमावशीला तर दोनदा. आता त्यांच्यासाठी काय करायचं, तर शिकवायचं नाही, हे आधी धर. शिकवायला सर आहेत. तुझ्याकडे आहे ते एवढंच, की गेल्या वर्षी याच दिवसांत आपण कुठे अडखळलो ते तुला अजून आठवतं. परीक्षेचा फॉर्म कुठल्या खिडकीवर घेतात, तानपुऱ्याची खोली किती वाजता उघडते, तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक बंदिशीनंतर लगेच काय विचारतात. शिकवणारे हे कधीच विसरून गेलेले असतात.

लेखी पेपरचंच घे. सगळी मुलं कुणाच्या तरी जुन्या वह्यांच्या झेरॉक्स काढतात. गाणं लिहून ठेवायच्या दोन पद्धती, निम्म्या वह्या भातखंडे पद्धतीच्या, निम्म्या गांधर्वच्या परीक्षा दिलेल्यांच्या, म्हणजे पलुस्कर पद्धतीच्या. भातखंडे लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब दिलं की तार, म्हणजे वरचं सप्तक, पलुस्करांच्या लिपीत तेच टिंब मंद्राचं, म्हणजे खालच्या सप्तकाचं. तारासाठी तिथे उभी रेघ, आणि तीच उभी रेघ मध्यमावर आली की भातखंड्यांचा तीव्र मध्यम. तालात तर आणखी घोटाळा. भातखंड्यांची सम, म्हणजे पहिली मात्रा, फुलीने दाखवतात, पलुस्करांचा काल, म्हणजे तालातली खाली, अधिकच्या खुणेने, आणि झेरॉक्समध्ये फुली किंचित कलली की दोन्ही सारख्याच दिसतात. मुलं पाठ करतात बरोबर आणि लिहितात सगळं उलटं. एक दुपार काढ. अकराही जणांच्या वह्या समोर घे, प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर पद्धतीचं नाव लाल शाईने लिहायला लाव, आणि दोन पद्धती एका वहीत दिसल्या तर ती पानं वेगळी करायला सांग. यात तुला गावं लागत नाही.

गाण्याच्या वर्गातली दुसरी अडचण मुलं स्वतःहून कधी सांगत नाहीत, ती पट्टीची, म्हणजे सा पेटीच्या कुठल्या पडद्यावर धरायचा त्याची. वर्गाला एक पट्टी, समजा मुलींना काळी पाच. ज्या मुलीचा गळा मुळात काळी चारचा आहे, तिला प्रत्येक स्वर दोन पडदे वर घ्यावा लागतो. मध्य सप्तकात ते निभावतं. तार गंधारावर आली की मान उचलते, हनुवटी पुढे काढते, गळ्याच्या शिरा दिसायला लागतात, आणि सर म्हणतात, "रियाज कमी पडतोय." मग ती आणखी दोन तास त्याच पट्टीत घासते. अशी मुलगी ओळखायची सोपी खूण म्हणजे वर्गाआधी आणि वर्गानंतर तिचं नुसतं बोलणं ऐकायचं. नंतर घोगरं लागलं तर पट्टी चुकते आहे. तिला सांग, सरांना एकट्याने भेटून विचार, "घरचा रियाज मी काळी चारात केला तर चालेल का?" चारचौघांत विचारू नये, गुरूलाही अवघड होतं. तू सोबत जा, पण दाराशी थांब. बोलायचं तिने.

आणि तू स्वतः? तू त्या अकरांना पट्टी दाखवायला, ताना दाखवायला रोज संध्याकाळी गातेस ना? मुलींना काळी पाचात, मुलांना काळी एकात? मला मृण्मयीने सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस. दाखवायचं असेल तर पेटीवर दाखव.

बघ, बाबांनी सांगूनही आलेच तिथे. माफ कर. हजेरीचं लिहिते.

तुझ्या मुख्य प्रात्यक्षिकाला चार क्रेडिट आहेत. लेखी विषयाचा एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास, प्रात्यक्षिकाचा ३० तास. म्हणजे तुझे १२० तास, पंधरा आठवडे धरले तर आठवड्याला आठ. पंचाहत्तर टक्के म्हणजे ९० तास बसलंच पाहिजे, बुडवायला मिळाले ३०. युवक महोत्सवाच्या तालमीत २२ तास गेले असं तूच म्हणालीस. उरले आठ. एक आठवडा, अनू, तो संपला की परीक्षेचा फॉर्म अडतो. तालमीचे तास परत मिळवायचे असतील तर तालीम घेणाऱ्या सरांकडून तारीख आणि तासवार पत्र घे, आणि ते वर्गाच्या मॅडमना दे, पोच घेऊन. तालीम घेणारे आणि हजेरी मांडणारे एकाच इमारतीत असले तरी एकमेकांना काही कळवत नाहीत असं धरूनच चाल. हे पत्र सत्राच्या शेवटी मागायला गेलं की कुणाला तारखा आठवत नाहीत.

अकरा मुलांनाही हा हिशेब पहिल्या महिन्यातच करून दे. आजारपणाचं सर्टिफिकेट दिलं की हजेरी लागते असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. हजेरी कमीच राहते, फक्त ती माफ करा असा अर्ज करायला आधार मिळतो, आणि तोही सर्टिफिकेट वेळेत दिलेलं असलं तर. घसा बसला म्हणून घरी झोपून राहणं हा तर सगळ्यात तोट्याचा सौदा. वर्गात जाऊन मागे बसायचं, चिठ्ठी सरांपुढे ठेवायची, "पंधरा दिवस मौन आहे, ऐकायला बसू का?" अशी. तानपुरा छेडायचा, हाताने ताल धरायचा, बंदिशी उतरवून घ्यायच्या. हजेरीही लागते. सर नाही म्हणणार नाहीत. तुझेही.

नाचाच्या दोघी आहेत ना तुझ्या गटात, त्यांची नडगी दुखते म्हणालीस. सिमेंटच्या किंवा फरशीच्या जमिनीवर तत्कार, पायांचं काम, वाढवला की ते होतंच. लाकडी फळ्यांची खोली ज्या तासाला मोकळी असते तो तास त्यांना मिळवून दे. बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडेच पाठव, तेल चोळायला सांगू नकोस.

आता तो मुलगा, ज्याला सगळं सोडून गावी जायचं आहे. त्याला "सोडू नकोस" म्हणू नकोस आणि "सोड" तर नकोच. दहा मिनिटं नुसतं ऐक. मग त्याच्यापुढे कागद ठेव. नव्या शिक्षण धोरणात पहिलं वर्ष पुरं करून ४० क्रेडिट मिळवले आणि उन्हाळ्यात चार क्रेडिटचा एक व्यावसायिक अभ्यासक्रम केला, की सर्टिफिकेट मिळतं. क्रेडिट अकॅडमिक बँकेत जमा राहतात. तीन वर्षांच्या आत परत येता येतं, आणि सगळी पदवी सात वर्षांत संपवायची. मधेच, पहिलं वर्ष अर्धं टाकून गेला तर सर्टिफिकेट हातात नाही. एवढं कळलं की मुलं बहुतेकदा निदान मार्चपर्यंत थांबतात. पण त्याला झोप येत नसेल, जेवत नसेल, "मी नसलो तर बरं" असं काही बोलत असेल, तर ते तुझ्या पोटात ठेवायचं नाही. "कुणाला सांगू नकोस" असं वचन आधीच देऊन बसू नकोस. त्याच दिवशी वॉर्डनना किंवा मॅडमना सांग, त्याला १४४१६ हा टेलिमानसचा, मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर दे, आणि त्याच्याजवळ बसून लावायला लाव. रात्री अडीचलाही लागतो.

एक वही ठेव. तारीख, कोण, काय अडलं, कुणाकडे पाठवलं, गेला का. बस. त्यांची गुपितं लिहू नकोस, वही हॉस्टेलवर पडून राहते. "गेला का" हा रकाना मात्र रिकामा ठेवू नकोस. वाट दाखवली की काम झालं असं वाटतं, आणि मुलगा खिडकीपर्यंत जाऊन रांग बघून परत आलेला असतो.

तुझं नाव त्या वहीत कुणी लिहायचं?

माईंची एक गोष्ट तुला आठवते का कोण जाणे. तू पाचवीत होतीस. गल्लीच्या गणपतीत दहा दिवस आरत्या ओरडलीस आणि अकराव्या दिवशी आवाज पार गेला. मी हळद-दूध, ज्येष्ठमध, काय काय केलं. माईंनी काहीच केलं नाही. तुझ्या हातात पाटी दिली आणि शेजारी तानपुरा घेऊन बसल्या. चार दिवस तू पाटीवर लिहून जेवायला मागत होतीस. कुजबुजायला लागलीस तर त्या पाटीवर बोट ठेवायच्या, कारण कुजबुजण्यानेही गळा ताणला जाऊ शकतो. त्या चार दिवसांतच तुला तानपुऱ्याची जवारी कळली. घोडीवर दोरा केसभर पुढे, केसभर मागे सरकवायचा, आणि तार अचानक उघडून बोलायला लागते ती जागा सापडेपर्यंत थांबायचं. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. दोरा जागेवर बसला तेव्हा तू माईंकडे बघितलंस आणि तोंड उघडून परत मिटलंस. बोलली नाहीस. सात-आठ वर्षांची मुलं तेवढी थांबत नाहीत, तू दहाची होतीस तरी मला त्याचं फार वाटलं होतं.

परवा नवमी, माईंचं पान आहे.

यंदा गणपती बसले तेव्हापासून तुझा आवाज असा आहे. आजचा अठरावा दिवस, मी मोजलेत. सर्दी इतके दिवस घशात राहत नाही. आणि नवरात्र नऊ दिवसांवर आलं असताना तू गरब्याच्या मंडळाला नऊ रात्रींचा होकार देऊन बसलीस. पैसे लागत असतील तर मागायचे होतेस. नाही, पैशासाठी नाही हे मला माहीत आहे. बडोद्याच्या मैदानात मांडवातून गायला मिळणं म्हणजे काय ते मला कळतं. पण ढोलाच्या शेजारी उभं राहिलं की माणूस नकळत आवाज चढवतो, स्वतःला ऐकू यावं म्हणून. माइक कितीही चांगला असला तरी, मॉनिटर तोंडासमोर नसेल तर गळा त्या गोंगाटाशी भांडत राहतो. तीन-चार तास, नऊ रात्री, वर मध्यरात्रीनंतर सेव-उसळ. उशिराचं तिखट पोटातून वर येतं आणि झोपेत स्वरतंतूंना भाजतं, सकाळचं खाकरणं त्यातूनच. आणि प्रत्येक खाकरण्यात दोन्ही तंतू एकमेकांवर आपटतात.

तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. गाते हे आधी सांग. टॉर्चने घसा पाहून औषध लिहून दिलं तर तेवढ्यावर उठू नकोस. टॉर्चने स्वरतंतू दिसत नाहीत, दुर्बिणीने पाहायला सांग. स्ट्रोबोस्कोपी होत असेल तिथे कर, त्यात तंतू हलताना दिसतात. गाठी निघाल्या तर घाबरू नकोस. त्या समोरासमोर येतात, तंतूंच्या कडा जिथे सगळ्यात जोरात भिडतात तिथे, आणि लवकर धरल्या तर आवाजाच्या व्यायामांनी बहुतेक जातात, कापाकापीचा विचार नंतरचा. दुखतं म्हणून मनाने ॲस्पिरिन घेऊ नकोस, त्याने तंतूंत रक्त साकळू शकतं. मंडळाला डॉक्टरांकडे जायच्या आधीच कळव, म्हणजे त्यांना दुसरी गायिका शोधायला आठवडा मिळेल. नववीच्या त्या मुलीचं तू मागे सांगितलं होतंस, ती गाईल.

फार लिहिलं. भाषण झालं. तुला हे सगळं माहीत आहे, त्या अकरांपैकी कुणी असं घोगरं बोललं असतं तर तू त्याला हाताला धरून त्याच दिवशी नेलं असतंस, हेही मला माहीत आहे. ज्या गावात सयाजीरावांनी १८८६ साली गायनशाळा काढली, जिथे फैयाज खाँसारखे गवई अखेरपर्यंत राहिले, तिथे माझी मुलगी दुसऱ्यांना वाट दाखवते आहे. आनंद होतो गं. त्यातूनच ही धास्ती.

नानाकाकांजवळ पार्सल दिलं आहे. तळाशी माईंची पाटी आहे, चौकटीचा एक कोपरा सुटलाय, बाबांनी खिळा मारून दिला. पेन्सिली जुन्या डब्यात.

बुधवारी डॉक्टरांकडून आलीस की काय म्हणाले ते दोन ओळींत लिहून पाठव. फोन करू नकोस.

तुझी
आई

ता. क. चिवडा तुझ्यासाठी नाही, तिखट झालाय. अकरा जणांना वाटून टाक.