तुमच्या लायसन्सच्या तपासणीसाठी मी विंडोज ७ इंटरनेटला का जोडायची?

दि. ८ डिसेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: तीन वर्षांचे पैसे आगाऊ घेऊनही जीएसटी दरबदलाचा अपडेट न देणे, आणि आज दुपारी फोनवर मिळालेली वागणूक

आज दुपारी तुमच्या सपोर्टच्या माणसाने माझा फोन ठेवला आणि लगेच मोबाईलवर मेसेज आला की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे, कृपया पाचपैकी गुण द्या. तक्रार सुटलेली नाही. म्हणून हे पत्र सपोर्टकडे न पाठवता थेट तुमच्याकडे पाठवते आहे.

तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर काय करतं हे तुम्हाला मी सांगायला नको. माझ्याकडे कृषी सेवा केंद्रासाठीची आवृत्ती आहे, बिलावर बॅच नंबर आणि एक्सपायरी छापणारी. दुकानातला कॉम्प्युटर २०१२ चा, विंडोज ७, ३२ बिट, चार जीबी रॅम, मागाहून बसवलेली एसएसडी आणि पॅरलल पोर्टवर चालणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. हेही तुम्हाला माहीत आहे, कारण तुमचं सॉफ्टवेअर नेटला लागलं की ही माहिती तुमच्या सर्व्हरला कळवतं. तुमच्या वेबसाइटवर माझं खातं उघडलं की लायसन्स नंबरखाली 'विंडोज ७' असं लिहिलेलं दिसतं. एप्रिलमध्ये तुम्ही माझ्याकडून तीन वर्षांचं नूतनीकरण एकरकमी घेतलं तेव्हाही ते तिथे होतंच. तुमच्या माणसाने सवलत किती ते सांगितलं, पुढच्या वर्षी भाव वाढणार तेही सांगितलं. विंडोज ७ वर यापुढे अपडेट मिळणार नाही, एवढं एक वाक्य मात्र सांगितलं नाही.

२२ सप्टेंबरपासून जीएसटीचे दर बदलले. सूक्ष्म अन्नद्रव्यं १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. कपाशी आणि सोयाबीनच्या पट्ट्यातल्या दुकानात झिंक, बोरॉन किती खपतं याचा हिशेब तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. तुमच्या जुन्या आवृत्तीत करदराचा तक्ता कुलूपबंद आहे, दुकानदाराला हात लावता येत नाही, तो तुमच्या अपडेटनेच बदलतो. तुम्ही अपडेट काढलात, पण तो माझ्याकडे बसत नाही. 'ही ऑपरेटिंग सिस्टीम चालणार नाही' अशी खिडकी उघडते आणि काम थांबतं. म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरवर बिल केलं तर शेतकऱ्याकडून १२ टक्के घेतले जातात. ते मी करणार नाही. त्यामुळे तेव्हापासून सूक्ष्म अन्नद्रव्यांची बिलं हाताने लिहिते आणि बाकीची कॉम्प्युटरवर करते. एकाच गिऱ्हाइकाची दोन बिलं, दोन नंबर, आणि रात्री दोन्हींचा मेळ घालत बसायचं. दिवाळीच्या आगेमागे हरभऱ्याच्या बियाण्याला गर्दी असते, त्या गर्दीत हे सगळं केलं. तीन वर्षांचे पैसे तुमच्याकडे जमा असताना केलं.

कच्ची चिठ्ठी देऊन मोकळं व्हा, असं तुमच्या एका माणसाने मागे सुचवलं होतं. आमचा जिल्हा यवतमाळ आहे. २०१७ मध्ये इथे फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मेले. कोणतं औषध, कोणत्या बॅचचं, कोणत्या तारखेला, कोणाच्या हाती दिलं, हे आमच्याकडे कागदावर असावं लागतं. कृषी विभागाचा निरीक्षक येतो तेव्हा साठा रजिस्टर आणि बिलं समोर ठेवून ताळा घेतो. शेतकरीही आता बजावून सांगतो, "बाई, पक्कं बिल पाह्यजे, चिठ्ठी नोको." बियाणं उगवलं नाही तर तक्रार करायला त्याच्या हातात तेवढाच कागद असतो. बॅच नंबर छापणारं सॉफ्टवेअर म्हणूनच मी तुमचं घेतलं होतं, आणि तालुक्यातल्या दुसऱ्या दुकानदारांनाही तेच घ्यायला सांगितलं होतं.

आता जुन्या कॉम्प्युटरबद्दल. त्यावर तुमच्याकडून दर वेळी प्रवचन ऐकावं लागतं.

विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ जानेवारी २०२० ला संपला, मला माहीत आहे. त्यानंतर सापडलेली भोकं बुजवली जात नाहीत, तेही माहीत आहे. क्रोमची या सिस्टीमवर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, म्हणजे २०२३ पासून तिथे ब्राउझरही जुनाच राहिला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तेव्हा सर्वाधिक लागण विंडोज ७ च्याच मशिनींना झाली होती, आणि तीही आधार चालू असतानाची गोष्ट आहे. मार्चमध्ये निघालेला दुरुस्तीचा अपडेट ज्यांनी टाकला नव्हता त्या मशिनी सापडल्या, आणि व्हायरस नेटवर्कवरून एका मशिनीतून दुसरीत शिरत गेला. हे सगळं समजून घेऊनच मी ठरवलं की कॉम्प्युटर वापरायचा, पण नेटपासून तोडून. दुकानाच्या कॉम्प्युटरची नेटची वायर काढलेली असते. बँकेचं काम मोबाईलवर. रिटर्न भरायची फाईल पेन ड्राइव्हवरून करसल्लागाराकडे जाते. तो पेन ड्राइव्ह परत आला की आधी घरच्या लॅपटॉपवर तपासला जातो, मग दुकानात लागतो. रोज संध्याकाळी बॅकअप. बिल करणं, साठा पाहणं, उधारीची खतावणी, एवढंच काम त्या मशिनीवर होतं, आणि ती ते बिनचूक करते. मशीन चांगली आहे. चांगली चालणारी मशीन मी टाकून का द्यायची?

फक्त तुमचं सॉफ्टवेअर तिला नेटपासून तुटलेली राहू देत नाही. दर पंधरा दिवसांनी लायसन्स तपासायला ते तुमच्या सर्व्हरकडे जातं. नेट मिळालं नाही तर बिलाचं बटण बंद होतं आणि दुकान अडतं. ज्या मशिनीला नेट लावायचं नाही हे मी ठरवलं, तिला दर पंधरवड्याला नेट लावायची सक्ती तुम्ही करता. कुंपण मी घातलं आणि फाटक तुम्ही उघडं ठेवायला लावता. मग तुमचीच माणसं मला सांगतात की विंडोज ७ धोक्याची आहे! धोका आहे तो नेट लावतानाचा, आणि माझ्या दुकानात नेट तुमच्यासाठीच लागतं, दुसऱ्या कशासाठी नाही. पैसे पूर्ण घेतलेल्या ग्राहकाला एकदाच टाकायचा ऑफलाइन कोड देणं तुमच्यासारख्या कंपनीला अशक्य आहे, हे मी मानत नाही.

आजच्या फोनचं मात्र सविस्तर लिहिते, कारण तुमच्या नोंदीत तो 'सोडवला' म्हणून गेला आहे.

फोन घेणारा मुलगा मराठीच बोलत होता. मी नाव, लायसन्स नंबर, तक्रार नंबर सांगितला, अडचण सांगितली. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "मॅडम, घरात कॉम्प्युटर समजणारं कोणी आहे का? मिस्टर, नाहीतर मुलगा? त्यांना द्या ना फोन." मी म्हटलं, दुकानाचा परवाना माझ्या नावावर आहे, तुमचं लायसन्स माझ्या नावावर आहे, कॉम्प्युटर मी चालवते, काय विचारायचं ते मला विचारा. "तसं नाही मॅडम, टेक्निकल आहे म्हणून म्हटलं." बरं. मग त्याने व्हॉट्सॲपवर एक लिंक पाठवली आणि सांगायला लागला: कॉम्प्युटर नेटला जोडा, अँटिव्हायरस बंद करा, फायरवॉल बंद करा, लिंकवरचं ॲप टाका, मी रिमोटवर घेतो. मी विचारलं, विंडोज ७ आहे, अँटिव्हायरस आणि फायरवॉल दोन्ही बंद करून नेटला जोडणं बरोबर आहे का? तो म्हणाला, "काही होत नाही मॅडम, आम्ही सगळ्यांचं असंच करतो." मी नाही म्हटलं. त्या मशिनीत गावोगावच्या शेतकऱ्यांची नावं, मोबाईल नंबर आणि उधारी आहे, ती मी अशी उघडी टाकणार नाही. त्यावर त्याचा आवाज बदलला. "मग आम्ही काहीच करू शकत नाही. तुमची सिस्टीम अनसेफ आहे. विंडोज ७ वर काही झालं तर कंपनी जबाबदार नाही."

मी त्याला थांबवून विचारलं की आत्ताच तुम्ही काही होत नाही म्हणालात ना? दोन मिनिटांपूर्वी जी मशीन अँटिव्हायरस बंद करून नेटला जोडायला चालत होती, ती आता धोक्याची कशी झाली? तो गप्प. मग म्हणाला, "मॅडम, भंगारवाल्याला द्या तो. एवढा जुना आता कोणी वापरत नाही. नाहीतर विंडोज १० टाकून घ्या, मग होऊन जाईल." मी विचारलं, भंगारात द्यायचा की त्यात विंडोज १० टाकायची, तेवढं तरी नक्की सांगा. "सरांशी बोलून कॉलबॅक करतो," म्हणाला आणि फोन कट. त्यानंतर कॉल आला नाही, गुण मागणारा मेसेज आला.

घरातल्या पुरुषाला फोन द्यायला सांगणं ही तुमच्या कंपनीची शिकवण आहे की त्या मुलाची, ते तुम्ही पाहा. पंपाला औषध किती मिली टाकायचं हे माझ्या तोंडून ऐकून शेतकरी फवारणीला जातो. माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरबद्दल माझ्याशी बोलायला तुमच्या माणसाला जड जातं.

आणि विंडोज १० चा सल्ला. तिचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आज डिसेंबर आहे. घरगुती वापरासाठी जो जादा मुदतीचा पर्याय दिला गेला, तो १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतो. विंडोज ७ बंद पडली म्हणून मला अपडेट नाकारायचा आणि त्याच तोंडाने बंद पडलेली विंडोज १० टाकायला सांगायचं, याला काय म्हणायचं? तुमच्या वेबसाइटवर आजही 'विंडोज १० किंवा पुढील' असंच लिहिलेलं आहे. विंडोज ११ माझ्या मशिनीवर रीतसर बसत नाही. तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, माझा तिसऱ्या पिढीचा आहे. म्हणजे तुमच्या सल्ल्याने चाललं तर मशीन नवी आणि प्रिंटरसाठी कन्व्हर्टर नवा. त्यावर जुना डेटा नव्या आवृत्तीत नेण्याचे पैसे तुम्ही वेगळे मागता. माझाच डेटा आहे तो. नवीन कॉम्प्युटर मी घेणार आहे, शेतकऱ्यांच्या हाती कापसाचा चुकारा आला आणि उधारी वसूल झाली की घेईन. तो केव्हा घ्यायचा हे मी ठरवणार, तुमचा सपोर्ट नाही.

घरचा लॅपटॉपही जुनाच आहे. त्यावर तालुक्याच्या कॉम्प्युटर क्लासमधल्या मुलाने लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम टाकून दिली, तिला अपडेट अजून येतात, हे पत्र त्यावरच टाइप केलं. तुमचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत असतं तर हा प्रश्नच आला नसता. विचारलं होतं मी. "ते काय असतं?" हे उत्तर मिळालं.

मला पुढील गोष्टी लेखी हव्यात. जुन्या आवृत्तीसाठी फक्त करदराचा तक्ता बदलणारी फाईल द्या, जी पेन ड्राइव्हने टाकता येईल. ते जमत नसेल तर एप्रिलमध्ये घेतलेल्या रकमेतून, अपडेट मिळायला हवा होता त्या दिवसापासून पुढच्या मुदतीचे पैसे परत करा. लायसन्सचा ऑफलाइन कोड द्या. माझी सगळी बिलं, साठा आणि खतावणी बॅच नंबरसकट एक्सेल फाईलमध्ये, पैसे न घेता द्या. आणि आजची तक्रार सुटलेली नाही अशी दुरुस्ती तुमच्या नोंदीत करा. एप्रिलमध्ये पैसे घेताना माझी सिस्टीम तुमच्या समोर होती, एवढं हे वाचताना लक्षात ठेवा.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि तिथून यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. दुकानासाठी घेतलं म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं तुमच्या वकिलाने सांगितलं तर त्याला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम २(७) वाचायला सांगा. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू त्यात व्यापारी हेतूची धरली जात नाही. तक्रार मी राहते त्या जिल्ह्यात करता येते, तुमच्या शहरात यावं लागत नाही, आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही. लिंक पाठवलेला व्हॉट्सॲप मेसेज, एप्रिलची पावती आणि अपडेट नाकारणाऱ्या खिडकीचा फोटो सोबत जोडला आहे.

तालुक्यातल्या ज्या दुकानदारांना मी तुमचं नाव सुचवलं होतं, त्यांच्यातही विंडोज ७ वाले आहेत. त्यांचं नूतनीकरण मार्चमध्ये आहे. या पत्राची प्रत त्यांना देते आहे.

उत्तर फोनवर नको, कागदावर किंवा ईमेलवर द्या.

कृषी सेवा केंद्र चालक,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ