पाठ कोणाची?

बाई,
सप्रेम नमस्कार.

'बेअरबॅक रायडर'चं मराठी मी 'उघड्या पाठीचा स्वार' असं करून ठेवलं होतं. म्हणजे माझा स्वार सदरा काढून घोड्यावर बसला होता, आणि तसाच छापून जाणार होता. तुमच्यामुळे त्याची अब्रू वाचली. माझीही.

त्याआधी तिघांना विचारून झालं होतं. एकाने "कोश बघ की" म्हणून वाटेला लावलं. कोशात 'खोगिराविना' आणि 'पाठ उघडी असलेला' असे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी होते, त्यातलाच एक उचलून मी फसलो होतो! उरलेले दोघे शब्द ऐकताच खिदळले. का, ते सांगेनात. मदत म्हणून मिळाली ती सगळी खोगीरभरती.

तुम्ही माझ्याच कागदाच्या कडेला एक घोडा काढलात (खरं सांगू? गाढव वाटत होतं), त्यावर माणूस बसवलात आणि पेन्सिल माझ्या हातात दिलीत. "आता सांगा, पाठ कोणाची?"

बाई, ती पेन्सिल मी विसरणार नाही. उत्तर तुम्हाला देता आलं असतं. ते तुम्ही मला शोधू दिलंत.

पाठ घोड्याची! इटलीत सिएनाला 2 जुलै आणि 16 ऑगस्टला पालिओची शर्यत होते. तिथले स्वार अंगभर रंगीत कपड्यांत असतात, उघडी असते ती घोड्यांची पाठ. खोगीर नाही, रिकीब नाही, सगळी भिस्त मांडेवर. माणसाची पाठ धरायची ती पोशाखाबद्दल बोलणं चाललं असेल तेव्हा.

आणि तिसरा अर्थ. निरोध न वापरता केलेला संभोग. खोगीर आणि रिकीब ज्या आवाजात सांगितलंत, त्याच आवाजात तुम्ही हेही सांगितलंत. मध्ये काही नाही, हाच तिन्हीकडचा धागा, म्हणालात. ते दोघे कशाला हसत होते ते मला तेव्हा कळलं, आणि लाज वाटली ती त्यांची. अडाण्याला अडाणी न ठरवता सांगणारी माणसं भेटतात, पण फार थोडी.

आता मजकुरात 'बिनखोगीर घोड्यावरचा स्वार' आहे. लांबलचक आहे खरं, पण सदरा घातलेला आहे.

तुमचा तो कागद मी कोशात त्याच शब्दाच्या पानाशी ठेवलाय. घोडा अजूनही गाढवच दिसतो.

आपला कृतज्ञ,
एक भाषांतरकार