सूचना : भौतिकशास्त्राच्या विद्यार्थिनींसाठी मदतनिधी

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

एमएस्सी भौतिकशास्त्राच्या विद्यार्थिनींसाठी आपण जो निधी उभारतो आहोत, त्याची वर्गणी या महिनाअखेरपर्यंत जमा करावी, ही आठवण.

मागच्या आठवड्यात प्रयोगशाळेत गेले होते. एक मुलगी स्पेक्ट्रोमीटरवर (प्रकाशाचे रंग वेगळे करून मोजायचं यंत्र) सोडियमच्या प्रकाशात रीडिंग घेत होती आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होती. शेवटची एसटी सुटली तर गावी जायची सोय नाही. निम्मी रीडिंग राहिली, वही मिटून ती पळाली. हॉस्टेलचे पैसे भरता आले असते तर प्रयोग पुरा झाला असता. हे बघून फार वाईट वाटलं. म्हणून या वर्षी पहिला खर्च हॉस्टेल आणि मेसचा. प्रवेशपरीक्षांची फी नंतर.

अशा मदतीचं एक मोठं उदाहरण खगोलशास्त्रज्ञ जोसलिन बेल बर्नेल यांचं. त्यांनी 1967 मध्ये केंब्रिजला संशोधक विद्यार्थिनी असताना पल्सार (ठरावीक अंतराने रेडिओ लहरींचे ठोके पाठवणारा, वेगाने फिरणारा तारा) शोधला. 1974 चं नोबेल मात्र त्यांच्या मार्गदर्शकांना आणि केंब्रिजचेच खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राईल यांना मिळालं. 2018 मध्ये बेल बर्नेल यांना ब्रेकथ्रू या विज्ञान पुरस्काराचे 30 लाख डॉलर मिळाले, ती सगळी रक्कम त्यांनी पीएचडीच्या शिष्यवृत्त्यांना दिली. भौतिकशास्त्रात ज्यांची संख्या कमी आहे अशांसाठी, त्यात मुलीही आल्या.

आपली वर्गणी 500 रुपयांपासून पुढे, जमेल तेवढी. दरमहा थोडे दिलेत तर अधिक बरं, कारण मेसचं बिल दर महिन्याला येतं. पावती खजिनदारांकडून जरूर घ्यावी. मदत घेणाऱ्या मुलींची नावं गटात कुणीही विचारू नयेत, ही कळकळीची विनंती.

आपली,
चिटणीस