जळलेला एलईडी डेडस्टॉकमध्ये कशाला?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली, बी.एस्सी. पहिल्या वर्षाला आहे. शाळांमध्ये नवीन टिंकरिंग लॅब येणार अशी बातमी पेपरात वाचली की मला आमच्या शाळेतलं काचेचं कपाट आठवते, म्हणून हे पत्र लिहून राहिली. त्या कपाटात आर्डुइनोचे, म्हणजे प्रोग्राम टाकून चालवायचे छोटे निळे बोर्ड होते, सेन्सर होते, छोटे मोटर होते, सगळं पॅकिंगसहित. तपासणीला कोणी साहेब येणार असले की ते टेबलावर मांडल्या जायचं, साहेब गेले की परत कुलूप. आठवी ते दहावी मी ते काचेतूनच पाहिलं. सरांवर माझा राग नाही, कारण एकेक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायमच्या सामानाच्या वहीत चढलेली आणि काही जळलं-हरवलं तर उत्तर त्यांनाच द्यावं लागते.

माझ्या हातात बोर्ड आला तो बारावीच्या सुट्टीत. कापूस वेचायच्या मजुरीतले पैसे जमवून ठेवले होते त्यातून नागपूरला सीताबर्डीवरून आर्डुइनो नॅनोसारखाच दुसऱ्या कंपनीचा क्लोन बोर्ड, वायरी नुसत्या खोचून जोडायचा ब्रेडबोर्ड, दहा एलईडी आणि करंट आवरणारे थोडे रेझिस्टर मामाकडून मागवले. पहिलाच एलईडी मी सरळ ९ व्होल्टच्या बॅटरीला लावला, एकदा लख्ख झाला आणि गेला, वास आला तेवढा. नववीला ओमचा नियम पाठ केला होता, पेपरात गणितही बरोबर आलं होतं, पण तो नियम कशासाठी असते ते त्या वासाने कळलं. मग वहीत मांडलं, बोर्डच्या पिनवर ५ व्होल्ट, लाल एलईडी २ व्होल्टच्या आसपास खाते, उरले ३, मध्ये २२० ओहमचा रेझिस्टर टाकला की १३-१४ मिलिअँपिअर करंट जाते आणि पिनला २० पर्यंत चालते. तसा दुसरा एलईडी लावला तर तो आजही चालू आहे.

चार दिवस तर बोर्ड मोबाईलला दिसतच नव्हता. मोबाईलला केबल जोडायचं ओटीजी लावून, अॅप बदलून, ड्रायव्हरच्या मागे लागून मी रडकुंडीला आली, बोर्ड मेला असंच धरून चालली होती. शेवटी तालुक्याच्या मोबाईल रिपेअरिंगवाल्या काकांनी केबल हातात घेतली आणि म्हणाले, ही जुन्या स्पीकरची चार्जिंगची केबल आहे, हिच्यात डेटाच्या दोन वायरीच नाहीत. दुसरी केबल लावली आणि बोर्डवरचा दिवा माझ्या प्रोग्रामने लुकलुकायला लागला. त्या रात्री लाईन गेली, बाबा म्हणाले, "आता हे सारं विसरलं असन ना वं?" लाईन आली, दिवा आपोआप पुन्हा लुकलुकला. प्रोग्राम चिपच्या फ्लॅश मेमरीत राहते, करंट गेल्याने पुसल्या जात नाही, हे मी बाबांना सांगितलं तर त्यांनी दोनदा प्लग काढून लावून पाहिलं.

मग हरभऱ्यासाठी ओलाव्याचा सेन्सर केला, कारण बाबांना रात्रीच्या लाईनवर ओलीत करायला जावं लागते आणि ओल आहे की नाही ते अंधारात पायानेच चाचपतात. काट्या चमच्यासारखा दोन दातांचा सेन्सर मातीत खोचायचा, कोरडं असलं की बोर्डवरचा आकडा १०२३ कडे, म्हणजे सगळ्यात वर जाते, ग्लासातल्या पाण्यात ३०० च्या जवळ आला. एक दिवस ओलीत होऊन चारच दिवस झाले तरी आकडा हजार. उकरून पाहिलं तर आपली काळी माती सुकताना आकसली आणि दाताच्या बाजूला बोटभर भेग पडली होती, सेन्सर हवाच मोजून राहिला होता! नेटवरच्या व्हिडिओत सगळे कुंडीत करून दाखवतात, वावरातली भेग कोणी दाखवत नाही. तीन आठवड्यांनी एका दाताचं तांबं हिरवं होऊन खाल्ल्या गेलं, तेव्हा दहावीचं विद्युत अपघटन आठवलं. आता सेन्सरला सतत करंट देत नाही, अर्ध्या तासाने एकदा रीडिंगपुरता पिनमधून देते, तेव्हापासून दुसरा सेन्सर बरा टिकला. ओलिताच्या मोटरला मात्र मी हात लावला नाही आणि लहान पोरांनीही लावू नये, बोर्डवरून मोठी लाईन चालू-बंद करायच्या रिलेवर २५० व्होल्ट छापलेलं असते आणि वावरातली थ्री फेज लाईन ४१५ ची असते.

आता मुद्द्याचं. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे पोरांनी स्वतः हाताने करून पाहायच्या लॅब, २०१६ पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी आहेत, एका लॅबला २० लाखांपर्यंत अनुदान असते, २०२५ च्या बजेटमध्ये सरकारी शाळांत पाच वर्षांत ५० हजार लॅब करू असं सांगितलं. चांगलंच आहे, पण कुलूप तेच राहिलं तर पोरं काचेतूनच पाहतील. केमिस्ट्रीच्या लॅबमधलं अॅसिड वर्षभरात संपते, टेस्ट ट्यूब फुटतात, ते खर्ची टाकल्या जाते, कोणी मास्तरांच्या पगारातून कापत नाही. मग दोन रुपयाचा एलईडी, रेझिस्टर, वायर, खराब झालेला सेन्सर हेही तसंच खर्चाचं सामान धरा ना. बोर्ड डेडस्टॉकला राहू द्या, पण त्यातलाही वर्षाला एक-दोन जळणार हे धरूनच चाला आणि तसं सरांना लेखी द्या. तोंडी सांगून सर कुलूप काढणार नाहीत, मी त्यांच्या जागी असती तर मीही काढलं नसतं.

माझा लहान भाऊ आता त्याच शाळेत सातवीला आहे, कपाट तिथंच आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोन तास मी तिथं येऊन पोरांसोबत बसायला तयार आहे, पैसे नको, एलईडी आणि रेझिस्टर माझे आणीन. रजिस्टरवर सही लागत असली तर तीही मी करीन.

एक विद्यार्थिनी,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ