बाळ्यास पत्र

लातूर, एप्रिलअखेर

प्रिय बाळ्या,

तुझे तीन फोन उचलले नाहीत. शुगर आहे तशीच, गुडघा बरा. शिव्या नंतर दे, आधी वाच.

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या काचटाकीतलं मोठं कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, गेलं. मीच मारलं.

फेब्रुवारीत बोअर आटला, नळ आठ दिवसांआड. टाकी दोनशे लिटरची, दर रविवारी वीस लिटर पाणी बदलायचो. त्या विसासाठी माझा आरओ साठ लिटर बाहेर टाकतो. वर सातशे ग्रॅम समुद्री मीठ. काढलेलं पाणी तुळशीलाही चालत नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, आणि तू म्हणालास, 'लातूरची एक चूळ!' तेव्हा टँकरमागं घागर घेऊन पळालेल्या माणसाला हे कसं झेपावं?

म्हणून बदलणं बंद केलं, नुसता खुराक चालू. एका बाटलीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत सोडा. कोरल त्यातून सांगाडा बांधतं, पण मागं साधं मीठ उरतं. ते पाणी बदललं तरच निघतं. चुना पाण्यात विरघळलेला राहावा म्हणून मॅग्नेशियम लिटरमागं साडेतेराशे मिलिग्रॅमच्या आसपास हवं. मी मोजलंच नाही, ते साडेअकराशेवर आलेलं. केएच, म्हणजे पाण्यातल्या सोड्याचं माप, साडेसहावर उतरलेला दिसला की हात शिवशिवायचे. बुधवारी रात्री घाईत दोन्ही बाटल्या पाठोपाठ ओतल्या. टाकी ताकासारखी पांढरी! सगळा चुना झाला, पंपावर, हीटरवर बसला. गिझरच्या कॉइलवर बोअरचा बसतो, तोच. तुझी वहिनी म्हणाली, "आधी आरओनं चुना काढायचा, मग पार्सलनं विकत आणायचा." हसलीस तर हस म्हटलं, पण खरंच आहे ते.

झोप लागत नाही ती तुझ्या डाळिंबांमुळं. त्या वर्षी मी म्हणत होतो, सगळ्या झाडांना थोडं थोडं दे. तू अर्धी बाग सोडलीस, अर्धी जगवलीस. मी तुला कसाई म्हणालो, आणि तू दिवाळीपर्यंत औश्याहून इकडं फिरकला नाहीस. आता मीही तेच थोडं थोडं केलं बघ. कसाई हा शब्द मागं घेत नाही, लेका, पण हिशेब तुझाच बरोबर होता.

दोन कोरलं कुणाला तरी देऊन टाकतो, उरलेल्या दोघांना छोटी टाकी. पन्नास लिटरची. पाच लिटर बदललं की झालं, आरओचं सांडपाणी भांड्यांना.

पोरीची बारावी कशी गेली? ट्रॅक्टर विकलास म्हणे, बोलू.

शनिवारी ये. विहिरीला असेल तर दोन कॅन पाणी आण.

तुझा,
दिल्या