कोंड्यावर तेल, म्हणजे आगीत तेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोंड्यावरचे नैसर्गिक उपाय आरोग्य पुरवण्यांतून वरचेवर छापून येतात. बहुतेकांची सुरुवात 'कोमट तेलाने मालिश करा आणि रात्रभर राहू द्या' अशी असते. पाठोपाठ लिंबू येते, खायचा सोडा येतो. यांतला पहिलाच सल्ला रोगाला खतपाणी घालणारा आहे, म्हणून हे पत्र.

कोंडा दिसतो कोरडा, पण होतो तेलकटपणातून. मॅलासेझिया नावाचे यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाच्या डोक्यावर वस्तीला असते. स्वतःची मेदाम्ले (तेलाचे मूळ घटक) त्याला तयार करता येत नाहीत, त्यामुळे त्वचेतून पाझरणारे तेल फोडून त्यावर ते जगते. या फोडाफोडीत ओलेइक आम्ल नावाचे मेदाम्ल मागे उरते. ज्यांना ते सोसत नाही त्यांची त्वचा चुरचुरते, खाजते आणि अर्धवट पिकलेल्या पेशी घाईघाईने वर ढकलते. एरवी एकेकट्या, नकळत गळणाऱ्या पेशी मग एकमेकींना चिकटून पापुद्र्यांनी सुटतात. आता यावर ऑलिव्ह तेल चोळायचे, ज्यात मुळात ओलेइक आम्लच सर्वांत जास्त! इतर बहुतेक वनस्पती तेलेही या यीस्टला चालतात. तेल लावल्यावर कोंडा गेल्यासारखा वाटतो, कारण पापुद्रे भिजून त्वचेला चिकटून बसतात. केस धुतले की दोन दिवसांत तो पुन्हा खांद्यावर हजर. जाड खपल्या सैल करायला तेल हवेच असेल तर वीस-तीस मिनिटे पुरेत, नंतर शाम्पूने पूर्ण काढावे. त्यासाठी खनिज तेल (लिक्विड पॅराफिन) बरे. ते या यीस्टला पचत नाही.

खरा कोरडेपणाही असतो, नाही असे नाही. एक-दोन पापुद्रे बोटांत चुरडून पाहावेत. बारीक, पांढरे, भुकटीसारखे उडणारे आणि सोबत हातापायांची त्वचाही कोरडी असेल तर तो कोरडेपणा. मोठे, पिवळसर, बोटाला मेणचट लागणारे असतील तर कोंडा. शाम्पू नीट न धुतल्यानेही पांढरे कण राहतात आणि लोक त्यालाच कोंडा समजून आणखी शाम्पू ओततात.

नैसर्गिक उपायांत ज्याच्या बाजूने बऱ्यापैकी पुरावा आहे तो टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांतून काढलेल्या तेलाचा. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 126 जणांनी चार आठवडे शाम्पू वापरला. 5 टक्के टी ट्री तेल असलेल्या शाम्पूने कोंड्याची तीव्रता 41 टक्के घटली, साध्या शाम्पूने 11 टक्के. आकडा 5 टक्के आहे, हे विसरू नये. बाटलीत चार थेंब टाकून काही होत नाही आणि निव्वळ तेल डोक्यावर ओतले तर त्वचा भाजल्यासारखी होते. घरी करायचे तर 10 मिलिलिटर शाम्पूत अर्धा मिलिलिटर, म्हणजे साधारण दहा थेंब, लागेल तेवढेच त्या वेळी मिसळावे. आधी हे मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला लावून, धुऊन, दोन दिवस वाट पाहावी. उघडी राहून जुनी झालेली बाटली फेकून द्यावी. हवा लागून बिघडलेल्या तेलाने ॲलर्जी उठण्याची शक्यता वाढते. हे तेल पोटात गेल्यास विषारी आहे, मुलांच्या हाती लागू देऊ नये.

खरी चूक होते ती लावण्यात. शाम्पू केसांना लागतो, त्वचा कोरडीच राहते. पहिल्या धुण्यात फक्त तेल आणि मळ काढावा. दुसऱ्या वेळी भांग पाडत पाडत, बोटांच्या पेरांनी (नखांनी नव्हे) फेस थेट त्वचेवर पोचवावा, तीन ते पाच मिनिटे राहू द्यावा आणि मग भरपूर पाण्याने धुवावे. लावून लगेच धुतला तर औषधी शाम्पूचे पैसेही पाण्यात जातात.

मधाचाही प्रयोग झाला आहे, पण अवघ्या 30 रुग्णांवर. नऊ भाग मधात एक भाग कोमट पाणी, दोन-तीन मिनिटे हलके चोळून तीन तास ठेवायचे, एक दिवसाआड, चार आठवडे. खाज आणि खपल्या कमी झाल्या. नंतर आठवड्यातून एकदा लावत राहिलेल्यांना त्रास उलटला नाही, सोडून दिलेल्यांपैकी बहुतेकांना उलटला. चिकट काम आहे, चिकाटी हवी. कोरफडीने खाज शमते, मात्र पान कापल्यावर सालीलगतचा पिवळा चीक निथळू द्यावा, त्याने त्वचा खाजते.

लिंबाचा रस आणि सोडा मात्र पुरवण्यांतून हद्दपार व्हावेत. रस अतिशय आंबट, खाजवून सोललेल्या त्वचेवर झोंबतो. तो लावून उन्हात गेल्यास डाग किंवा फोडही येऊ शकतात. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सोडा अल्कधर्मी. तिचे संरक्षक आवरणच त्याने बिघडते.

यीस्ट कायमचे जात नाही, त्यामुळे 'मुळापासून नष्ट' असे लिहिणेही थांबावे. चार आठवड्यांत फरक नसेल तर 2 टक्के कीटोकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटे ठेवून वापरावा. नैसर्गिक नाही म्हणून त्याला नाक मुरडू नये. केसांच्या रेषेबाहेर उतरलेल्या चंदेरी जाड खपल्या सोरायसिस या त्वचारोगाच्या असू शकतात. लहान मुलाच्या डोक्यावर केस तुटून टकलाचा चट्टा पडला असेल तर तो गजकर्णाचा प्रकार असू शकतो. तो संसर्गजन्य आहे, त्याला पोटातूनच औषध लागते आणि तोवर त्या मुलाचा कंगवा व टॉवेल वेगळा ठेवावा.

कळावे.

आपला,
एक वाचक