खण उघडून बघणाऱ्या भावाला

तोक्यो,
२० ऑक्टोबर २०२४

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आपलं बोलणं होतंच, पण हे फोनवर सांगायला घेतलं असतं तर माझा आवाज भरून आला असता आणि तू उगाच काळजीत पडला असतास. म्हणून लिहायला बसले. आई-बाबांनाही वाचून दाखव. उत्तरपत्रिकेचा भाग वाचायचा की नाही, ते तुझं तू ठरव.

या महिन्याच्या ११ तारखेला बातमी आली की नोबुयो ओयामा गेल्या. खरं तर २९ सप्टेंबरलाच गेल्या होत्या, नव्वद वर्षांच्या होत्या. लोकांना नंतर कळलं. नावावरून तुला काही उलगडणार नाही. इथे येईपर्यंत मलाही ते माहीत नव्हतं. १९७९ पासून २००५ पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं, जपानमध्ये डोरेमॉनचा आवाज त्यांचा होता. हो, आपलाच डोरेमॉन, नोबिताच्या मदतीला भविष्यातून त्याच्या टेबलाच्या खणातून आलेलं ते निळं मांजर. आणि जुलैमध्ये नोरिको ओहारा गेल्या होत्या. तेवढीच वर्षं नोबिताचा आवाज त्यांचा होता. तीन महिन्यांत दोघीही गेल्या.

बातमी आली तेव्हा आम्ही ऑफिसात होतो. माझ्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ बसतात, साठीला टेकलेले. कामापलीकडे फारसं न बोलणारे. त्यांनी मोबाइलवर बातमी वाचली, मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि बराच वेळ हात मांडीवर ठेवून नुसते बसून राहिले. मी विचारलं, बरं वाटत नाहीये का? तर म्हणाले, "आभार मानायचे राहून गेले." एवढंच. आणि मग जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला जे सांगितलं, ते तुला सांगायचं म्हणून हे पत्र.

आपल्यासाठी डोरेमॉन म्हणजे टीव्ही. यांच्यासाठी आधी मासिक. शोगाकुकान या प्रकाशनाची तेव्हा प्रत्येक इयत्तेसाठी वेगवेगळी मासिकं निघायची. पहिलीच्या मुलाचं वेगळं, दुसरीच्या मुलाचं वेगळं. जानेवारी १९७० च्या अंकांपासून डोरेमॉन एकदम सहा मासिकांत सुरू झाला, बालवाडीच्या मुलांपासून चौथीपर्यंत. आणि गोष्ट एकच सगळीकडे छापायची, असं नव्हतं. लहानग्यांसाठी सोपी, मोठ्यांसाठी जरा गुंतागुंतीची, असं प्रत्येक वयाला जोखून काढायचं. आपण एका मुलाला गोष्ट सांगताना दमतो. डोरेमॉन काढणारे फुजिको एफ. फुजिओ, तो एक माणूस दर महिन्याला सहा वयांच्या मुलांना वेगवेगळी गोष्ट सांगत होता, आणि तीही चित्रांत.

आता ऐक. मार्च १९७४ च्या तिसरीच्या अंकात गोष्ट आली, की डोरेमॉनला भविष्यकाळात परत जायचंय, कायमचं. आदल्या रात्री नोबिताची त्या दांडगट जियानशी गाठ पडते. नोबिता मार खातो, पडतो, उठतो, पुन्हा जियानचा पाय धरतो. त्याला सोडत नाही. का, तर "मी एकटा सगळं निभावू शकतो" हे दिसलं नाही तर डोरेमॉन निर्धास्त मनानं जाऊच शकणार नाही. शेवटी जियानच कंटाळून हार मानतो. सकाळी डोरेमॉन गेलेला असतो. आपण हे टीव्हीवर पाहिलं होतं, आठवतं? तू त्या दिवशी पांघरूण तोंडावर ओढून घेतलं होतंस, आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

आमचे हे सहकारी तेव्हा तिसरीतच होते. अंक मिटला आणि त्यांना वाटलं, संपलं. जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे पुढचा अंक चौथीचा, म्हणजे मासिकही दुसरं. त्यांच्या वडिलांनी ते आणलं. आणि त्यात डोरेमॉन परत आला होता! जे बोलू त्याच्या उलट घडवणारं एक औषध नोबिता पितो, आणि रडत रडत म्हणतो की डोरेमॉन आता कधीच येणार नाही. बस. ते सांगत होते, "मी एक इयत्ता वर गेलो आणि तो माझ्या मागोमाग वरच्या वर्गात आला." पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट रे सोनू, आणि सांगताना त्यांच्या हातातल्या चॉपस्टिक्स डब्यावर तशाच अधांतरी थांबल्या होत्या.

त्यांनीच मला ओयामाबाईंबद्दल सांगितलं. लहानपणी त्यांच्या घोगऱ्या आवाजाला मुलं हसायची, म्हणून त्यांनी बोलणंच कमी केलं होतं. त्यांच्या आईनं त्यांना समजावलं, की असा आवाज लपवशील तर तो आणखी खचेल, उलट जास्त वापर. हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये. त्या आईनं "जाऊ दे, नको बोलूस" म्हटलं असतं तर? मालिका सुरू झाल्यावर खुद्द लेखक त्यांना म्हणाले होते, की डोरेमॉनचा आवाज असा असतो होय! ज्यानं डोरेमॉन काढला, त्यालाही तो आवाज बाईंकडून कळला.

आपण मात्र हिंदीत पाहिला. आपल्या डोरेमॉनचा आवाज सोनल कौशल यांचा, आणि त्यांनी ते काम घेतलं तेव्हा त्या स्वतः शाळकरी मुलगी होत्या. आपल्यापेक्षा फार मोठ्या नव्हत्या त्या. आपण समजत होतो, मांजर बोलतंय. शेवटी जपानी अक्षरांतली नावांची पट्टी सुरू झाली की आपण लगेच चॅनल बदलायचो. त्या पट्टीत चित्रं काढणारे होते, रंग भरणारे होते, शुनसुके किकुची होते. मालिकेचं संगीत त्यांचं. खिशातून नवीन वस्तू निघाली की वाजणारे सूर तुला अजून गुणगुणता येतात, मला माहीत आहे.

काल शनिवारी मी तोक्योजवळच्या कावासाकीला जाऊन आले. तिथे फुजिको एफ. फुजिओ यांचं संग्रहालय आहे. ३ सप्टेंबर २०११ ला उघडलं. डोरेमॉनचा जन्म ३ सप्टेंबर २११२ चा ना, म्हणून तोच दिवस, बरोबर १०१ वर्षं आधीचा. तिकीट आधी काढावं लागतं, आत जायची वेळही ठरलेली असते. नोबोरितो स्टेशनवरून डोरेमॉन रंगवलेली बस सोडते. फुजिओ, खरं नाव हिरोशी फुजिमोतो, त्याच भागात राहायचे.

मला वाटलं होतं, सगळीकडे पोरंच पोरं असतील. पोरं होती, पण माझ्या आधीच्या रांगेत निम्मे लोक चाळिशी-पन्नाशीचे. एक जोडपं तर नातवंडांशिवाय, दोघंच आलं होतं.

आतल्या दालनांत मूळ चित्रं आहेत. फोटो काढू देत नाहीत, आणि ते बरंच आहे, कारण मग माणूस डोळ्यांनी बघतो. मी एका पानासमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. नोबिताच्या चष्म्याची गोल रेघ. छापलेल्या पुस्तकात ती एकसारखी काळी दिसते. मूळ कागदावर तसं नाही. जिथे निब टेकवली तिथे शाई जराशी जाड, मग वळण घेताना बारीक. शेजारी एके ठिकाणी पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन काहीतरी खोडलेलं, आणि निळ्या पेन्सिलीची पुसट खूण. त्या ठिपक्याकडे बघताना माझे डोळे भरून आले. माणूस चुकला होता, आणि त्यानं बसून ते दुरुस्त केलं होतं, कुठल्याशा तिसरीतल्या मुलासाठी. असे जवळजवळ पन्नास हजार कागद तिथे जपून ठेवलेत.

फुजिमोतो लहानपणी खेळात कच्चे होते, मुलं त्यांना त्रास द्यायची. नोबिता म्हणजे मीच, असं ते सांगत. मोतोओ आबिको हा त्यांचा शाळेतला मित्र, दोघं मिळून चित्रकथा काढायचे, १९५४ ला दोघंही तोक्योला आले. दुसऱ्याच वर्षी नववर्षाला गावी गेले, तिथे हातपाय गाळून बसले आणि कितीतरी मासिकांचं काम वेळेवर पोचलं नाही. कित्येक महिने कुणी काम देईना. पुढे डोरेमॉनच्या वेळीही तेच. मुदत डोक्यावर, कल्पना एकही नाही. आधी छापून गेलेल्या जाहिरातीत तर डोरेमॉन नव्हताच! नुसता टेबलाचा खण होता, आणि त्यातून काहीतरी बाहेर येणार, एवढीच सूचना. काय येणार, हे काढणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. मग मनात एक मांजर होतं, आणि पायाखाली आलं मुलीचं खेळणं, ढकललं तरी पुन्हा उभं राहणारी बाहुली. दोन्ही एकत्र आलं आणि ते निळं मांजर जन्मलं.

शेवटही टेबलाशीच झाला. १९९६ च्या सप्टेंबरमध्ये पुढच्या लांब गोष्टीची पानं काढता काढता ते कोसळले, पेन्सिल हातातच होती असं सांगतात. २३ तारखेला गेले. बासष्ट वर्षांचे होते. राहिलेली पानं त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांनी पुरी केली. मी तेव्हा जेमतेम रांगत असेन, तुझा तर पत्ताच नव्हता. म्हणजे बघ, आपण ज्या माणसाच्या गोष्टींवर वाढलो, तो आपण टीव्हीसमोर बसायच्या कितीतरी आधी गेलेला होता. आभार मानायची सोयच नव्हती.

ते टेबल तिथे ठेवलंय. वर थेट छतापर्यंत पुस्तकं, आणि खाली टेबल, जसं काही माणूस पाणी प्यायला उठून गेलाय. माझ्यापुढे एक बाई होती, ऑफिसच्या कपड्यांतली. तिनं पर्स खांद्यावरून काढली, दोन्ही पाय जुळवले आणि कमरेत पूर्ण वाकली. कुणाकडे न बघता निघून गेली. मग माझी पाळी. मला जपानी नीट येतं आता, पण तिथे मराठीच आलं तोंडात. हळूच म्हटलं, "तुमच्यामुळे माझा भाऊ झोपायचा."

आता तो भाग. तू दुसरीत होतास. गणितात वीसपैकी तीन. ती उत्तरपत्रिका तू टेबलाच्या खणात, तळाला घातलेल्या कागदाखाली लपवली होतीस. आणि त्यानंतर रोज रात्री, दिवा मालवायच्या आधी, खण चार बोटं ओढायचास, आत बघायचास आणि मग झोपायचास. मी ते पाहिलं होतं. आणि सुट्टीत सगळी भावंडं जमली तेव्हा मी ते सगळ्यांसमोर सांगितलं आणि सगळे हसले. त्या रात्री तू खण उघडला नाहीस. त्यानंतर कधीच नाही.

मला ते आजही खुपतं, सोनू. मला तेव्हा कळलं नव्हतं की तू तिथे मांजर शोधत नव्हतास. तीन मार्क पडलेल्या मुलाच्या घरीसुद्धा कुणीतरी खास येतं, त्याला वस्तू देतं, रागावतं, पण त्याला सोडून जात नाही, ही गोष्ट तुला कुणीतरी सांगितली होती आणि तू ती खरी मानली होतीस. आम्ही कुणी घरात तुला तसं सांगितलं नव्हतं. बाबा ओरडले होते, मी हसले होते. ते सांगितलं ते त्या टेबलाशी बसलेल्या, स्वतः मार खाल्लेल्या, स्वतः मुदती चुकवलेल्या माणसानं. कर्ज आहे ते त्यांचं आपल्यावर. माझ्यावर जरा जास्त.

तुझी माफी मागते. इतक्या वर्षांनी, पण मनापासून.

छपरावर मोकळं गवत आहे, आडवे ठेवलेले पाइप आहेत, तेच, मैदानातले. आणि डोरेमॉनचं ते गुलाबी एनीव्हेअर डोअर उभं आहे, उघडलं की हवं तिथे पोचवणारं. तिथे फोटो काढायला हरकत नाही. मी मुद्दाम काढला नाही.

१ डिसेंबरला फुजिमोतोंचा जन्मदिवस असतो. आमचे ते सहकारी दर वर्षी त्या सुमारास जातात, या वेळी आम्ही दोघं मिळून तिकीट काढणार आहोत. रविवार आहे. इथले दुपारचे दोन म्हणजे तुझे सकाळचे साडेदहा. त्या वेळी कुठे जाऊ नकोस. मी त्या दाराच्या एका बाजूला उभी राहून तुला व्हिडिओ कॉल करेन, आणि मग दार उघडेन.

तुझी,
ताई